प्रकाशाच्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडचे क्षपण : धातुसंकुल उत्प्रेरकाचा प्रयोग कसा रचावा आणि कसा तपासावा

धातुसंकुलाचे काही मिलिग्रॅम, एक इलेक्ट्रॉन दाता, कार्बन डायऑक्साइडने संपृक्त केलेले द्रावण आणि योग्य तरंगलांबीचा एलईडी एवढे साहित्य जमवले, की गॅस क्रोमॅटोग्राफवर कार्बन मोनॉक्साइडचे शिखर दिसायला फार वेळ लागत नाही. खरे काम तिथून पुढे सुरू होते. त्या शिखरातला कार्बन नळीत सोडलेल्या वायूतूनच आला, द्रावकातून किंवा खुद्द संकुलाच्या विघटनातून नव्हे, हे दाखवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका प्रश्नाच्या अनुषंगाने मांडल्या आहेत. वाचकाला पदवी पातळीवरील रसायनशास्त्राची ओळख आणि निष्क्रिय वायूखाली काम करण्याचा थोडा सराव आहे, असे गृहीत धरले आहे.

आधी ऊर्जेचा हिशोब

कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला एकटाच इलेक्ट्रॉन द्यायचा झाला, तर पाण्यात सामू ७ असताना प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या सापेक्ष सुमारे उणे १.९० व्होल्ट विभव लागते, कारण सरळ रेषेतला हा रेणू त्यासाठी वाकावा लागतो आणि बनणारे ऋणभारित मूलक अत्यंत अस्थिर असते. मात्र दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन जोडीने दिले, तर त्याच परिस्थितीत कार्बन मोनॉक्साइडसाठी उणे ०.५३ आणि फॉर्मिक आम्लासाठी उणे ०.६१ व्होल्ट पुरतात. धातुसंकुलाचे काम हेच आहे : इलेक्ट्रॉन साठवणे, कार्बन डायऑक्साइडचा कार्बन अणू स्वतःला बांधून घेणे आणि प्रोटॉन योग्य जागी पोहोचू देणे. अडचण अशी, की प्रोटॉनपासून हायड्रोजन बनवायला सामू ७ वर अवघे उणे ०.४१ व्होल्ट लागतात. त्यामुळे हायड्रोजन हा या प्रयोगातला कायमचा स्पर्धक असतो आणि तो प्रत्येक वेळी मोजावाच लागतो.

प्रकाशसंवेदक प्रकाश शोषतो, इलेक्ट्रॉन दाता इलेक्ट्रॉन पुरवतो, उत्प्रेरक कार्बन डायऑक्साइडवर काम करतो आणि पाणी, फिनॉल किंवा ट्रायफ्लुओरोइथेनॉल यांसारखा सौम्य पदार्थ प्रोटॉन देतो. या चौघांची विभवे एकमेकांशी जुळतात की नाही, हे कागदावर तपासल्याशिवाय काहीही वजन करू नये. रुथेनियम ट्रिसबायपिरिडीन हा सर्वांत परिचित संवेदक ४५२ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतो. उत्तेजित अवस्थेत त्याची इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची क्षमता संपृक्त कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या सापेक्ष सुमारे अधिक ०.७७ व्होल्ट असते, आणि इलेक्ट्रॉन घेतल्यानंतर हा संवेदक सुमारे उणे १.३३ व्होल्टवर तो पुढे देऊ शकतो. साधे लोह टेट्राफिनाइल पोर्फिरिन सक्रिय होण्यासाठी याच मापावर उणे १.६ व्होल्टपेक्षाही अधिक ऋण विभव मागते, म्हणजे ही जोडी जमत नाही. तिथे फिनाइलपिरिडीन लिगंड असलेला इरिडियमचा संवेदक घ्यावा लागतो, कारण त्याची उत्तेजित अवस्थाच उणे १.७ व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉन देते.

वेगवेगळ्या शोधनिबंधांतली विभवे वेगवेगळ्या संदर्भ इलेक्ट्रोडांवर दिलेली असतात. कॅलोमेल आणि प्रमाण हायड्रोजन यांच्यात ०.२४ व्होल्टचे अंतर आहे, आणि अनेक लेखक फेरोसीन हा शून्य बिंदू धरतात. हे रूपांतर न करता आकडे शेजारी शेजारी लिहिले, की अशक्य जोडीही शक्य वाटू लागते.

दाता निवडताना

ट्रायइथेनॉलअमाइन स्वस्त आहे, सहज मिळते, आणि म्हणून बहुतेक जण त्यापासून सुरुवात करतात. त्याच्या ऑक्सिडीकरणाला कॅलोमेलच्या सापेक्ष सुमारे ०.८ व्होल्ट लागतात, म्हणजे उत्तेजित रुथेनियम संवेदकाच्या क्षमतेच्या अगदी काठावर. त्यामुळे त्या संवेदकाबरोबर ते दाता म्हणून जवळजवळ निरुपयोगी ठरते, मात्र आम्लारी म्हणून उपयोगी पडते. बेंझाइल-डायहायड्रोनिकोटिनामाइड, म्हणजे बोलण्यातले बीएनएएच, ०.५७ व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉन देते, परंतु एक इलेक्ट्रॉन दिल्यावर त्याच्या जोड्या बनतात आणि त्या जोड्या साचत गेल्या की स्वतःच उत्तेजित संवेदकाला शमवू लागतात, म्हणजे काम होण्याआधीच त्याची उत्तेजना काढून घेतात. बेंझिमिडॅझोलिनचे साधित, म्हणजे बीआयएच, ०.३३ व्होल्टवरच इलेक्ट्रॉन सोडते आणि जवळ आम्लारी असल्यास प्रोटॉन गमावून दुसराही इलेक्ट्रॉन देते.

माझ्या मते गंभीर मोजमापासाठी बीआयएच हाच दाता योग्य आहे, आणि त्याचे कारण केवळ वेग हे नाही. त्याचे ऑक्सिडीकरण एकाच स्वच्छ उत्पादनापाशी थांबते, त्यामुळे किती दाता खर्च झाला आणि किती उत्पादन मिळाले यांचा ताळेबंद मांडता येतो. ट्रायइथेनॉलअमाइनच्या बाबतीत तो मांडणे फार कठीण जाते.

पहिला प्रयोग : ज्ञात उत्तर असलेले संकुल

स्वतःचे नवे संकुल नळीत घालण्यापूर्वी आपली नळी, दिवा आणि क्रोमॅटोग्राफ यांची परीक्षा एखाद्या जुन्या, भरवशाच्या प्रणालीवर घ्यावी. त्यासाठी ऱ्हेनियम ट्रायकार्बोनिल बायपिरिडीन क्लोराइड उत्तम आहे. १९८३ साली स्ट्रासबर्ग येथे ज्याँ-मारी लेन, हावेकर आणि झीसेल यांनी दाखवले, की हे संकुल डायमिथाइल फॉर्मामाइड आणि ट्रायइथेनॉलअमाइन यांच्या मिश्रणात प्रकाशाखाली कार्बन डायऑक्साइडपासून जवळजवळ केवळ कार्बन मोनॉक्साइड बनवते. क्लोराइड असलेल्या संकुलाची क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे शोषलेल्या फोटॉनांमागे मिळालेल्या उत्पादन-रेणूंचे प्रमाण, १४ टक्क्यांच्या आसपास मिळते. इथे संवेदक आणि उत्प्रेरक एकच रेणू असल्यामुळे बिघडण्याच्या जागाही कमी असतात.

संकुल तयार करणे सोपे आहे. ऱ्हेनियम पेंटाकार्बोनिल क्लोराइड आणि किंचित जास्त बायपिरिडीन टोल्युइनमध्ये नायट्रोजनखाली काही तास उकळवावे. पिवळा अवक्षेप गाळून थंड टोल्युइनने आणि नंतर हेक्सेनने धुवावा व निर्वातात वाळवावा. अवरक्त वर्णपटात २०२०, १९१५ आणि १८९५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास कार्बोनिलचे तीन पट्टे दिसले पाहिजेत. मँगनीजचे तत्सम संकुल करायचे असेल, तर ते बनवण्यापासून साठवण्यापर्यंत अंधारात ठेवावे, कारण साध्या दिव्याच्या उजेडातही त्याचे कार्बोनिल गट निघून जाऊ लागतात.

द्रावकाकडे बहुतेकांचे पुरेसे लक्ष जात नाही. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये ओलावा असेल, तर त्याचे जलअपघटन होऊन फॉर्मिक आम्ल आणि डायमिथाइल अमाइन बनतात. उकळताना त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइडही सुटतो. ज्या दोन उत्पादनांचा आपण शोध घेणार, तीच दोन्ही द्रावकातून मिळू शकतात! म्हणून ते आण्विक चाळणीवर सुकवून कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित करावे आणि लवकर वापरावे. फॉर्मिक आम्ल हेच मुख्य उत्पादन अपेक्षित असेल, तर डायमिथाइल ॲसिटामाइड वापरणे अधिक शहाणपणाचे, कारण ते फुटले तरी ॲसिटिक आम्ल मिळते, फॉर्मिक नव्हे. ट्रायइथेनॉलअमाइनही कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित करावे. ते घट्ट असल्याने पिपेटने न मोजता वजनाने घ्यावे.

आता मांडणी. सुमारे ११ मिलिलिटर क्षमतेच्या काचेच्या परीक्षानळीत डायमिथाइल फॉर्मामाइड आणि ट्रायइथेनॉलअमाइन ५ : १ या प्रमाणात असलेले, ०.५ मिलिमोलर संहतीचे ४ मिलिलिटर द्रावण घ्यावे, म्हणजे संकुल २.० मायक्रोमोल होते. नळीला रबरी सेप्टम बसवून लांब सुईने द्रावणाच्या तळातून २० ते ३० मिनिटे शुद्ध कार्बन डायऑक्साइड बुडबुडत ठेवावा. वायू आधी त्याच द्रावकाच्या बाटलीतून नेल्यास नळीतले द्रावण आटत नाही. ऑक्सिजनचा अंशही उत्तेजित अवस्था शमवतो, म्हणून या वेळेत काटकसर करू नये. साध्या दाबाखाली २५ अंश सेल्सिअसला पाण्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०३३ मोलर विरघळतो, तर डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये सुमारे ०.२ आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये सुमारे ०.२८ मोलर. सेंद्रिय द्रावकांना पसंती मिळते ती मुख्यतः यामुळे.

या संकुलाचे शोषण ३७० नॅनोमीटरच्या आसपास असून त्याची शेपटी दृश्य प्रकाशात जाते, म्हणून ३६५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा एलईडी चालतो. रुथेनियम संवेदकासाठी ४५० नॅनोमीटरचा घ्यावा. बीएनएएच स्वतः ३५० नॅनोमीटरच्या भागात प्रकाश शोषत असल्यामुळे तिथे अतिनील भाग टाळणेच योग्य. नळी २५ अंशांच्या पाण्याच्या कुंडात ठेवून द्रावण ढवळत राहावे, कारण एलईडीची उष्णता द्रावणाचे तापमान सहज वाढवते आणि मग उष्णतेचा परिणाम प्रकाशाच्या नावावर जमा होतो.

सुरक्षेबाबत : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो विषारी आहे, डायमिथाइल फॉर्मामाइड त्वचेतून शरीरात जाते आणि प्रजननस्वास्थ्याला अपायकारक आहे. सर्व काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि अतिनील व निळा प्रकाश अडवणारा चष्मा घालून करावे, आणि बंद नळीत दाब वाढू शकतो हे ध्यानात ठेवावे.

उत्पादने मोजणे

वायूंसाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. हायड्रोजनसाठी औष्णिक वाहकतेचा शोधक आणि वाहक म्हणून आर्गॉन वापरावा. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण कमी असेल, तर तप्त निकेलवर त्याचे मिथेनमध्ये रूपांतर करून ज्योत-आयनीभवन शोधकाने मोजावे. आण्विक चाळणीचा स्तंभ कार्बन मोनॉक्साइड वेगळा करतो, पण कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो आणि हळूहळू निकामी होतो. झडप वापरून कार्बन डायऑक्साइड त्या स्तंभात जाण्याआधीच वळवावा. कॅलिब्रेशनची माझी पसंतीची रीत अशी : तशाच नळीत, तेवढेच द्रावक, तसाच कार्बन डायऑक्साइड भरून, अंधारात, सिरिंजने शुद्ध कार्बन मोनॉक्साइडचे ज्ञात आकारमान टोचावे, नळी हलवावी आणि मग नमुना घ्यावा. यामुळे द्रवात विरघळून राहणाऱ्या अंशाची दुरुस्ती आपोआप होते.

फॉर्मेट द्रवात राहते. ते आयन क्रोमॅटोग्राफीने किंवा केशिका विद्युतकणसंचलनाने मोजता येते. प्रोटॉन चुंबकीय अनुस्पंदनात (एनएमआर) ते ८.३ ते ८.५ पीपीएमच्या आसपास दिसते, मात्र डायमिथाइल फॉर्मामाइडचा प्रचंड संकेत शेजारीच, ८ पीपीएमजवळ असल्याने तिथे फसगत होते.

समजा, तासाभरानंतर द्रवावरील ७ मिलिलिटर जागेत ७.० टक्के कार्बन मोनॉक्साइड आढळला. तो ०.४९ मिलिलिटर होतो, आणि २५ अंशांना एक मोल वायू २४.५ लिटर जागा व्यापतो, म्हणून तो २० मायक्रोमोल भरतो. संकुल २.० मायक्रोमोल होते, तेव्हा टर्नओव्हर संख्या, म्हणजे उत्प्रेरकाच्या एका रेणूमागे मिळालेल्या उत्पादन-रेणूंची संख्या, १०. हायड्रोजन ०.०७ टक्के, म्हणजे ०.२ मायक्रोमोल मिळाला असेल आणि फॉर्मेट नसेल, तर निवडक्षमता २० भागिले २०.२, म्हणजे ९९ टक्के. शोषलेले फोटॉन सेकंदाला ०.०५ मायक्रोमोल असतील, तर ३,६०० सेकंदांत १८० मायक्रोमोल होतात आणि क्वांटम कार्यक्षमता ११ टक्के येते. कार्बन मोनॉक्साइडला दोन इलेक्ट्रॉन लागतात म्हणून काही लेखक या आकड्याला दोनने गुणतात. आपण कोणती व्याख्या घेतली हे स्पष्ट लिहावे.

फोटॉनांची संख्या एलईडीच्या माहितीपत्रकावरून काढू नये. त्याच नळीत, त्याच जागी पोटॅशियम फेरीऑक्झलेटचे द्रावण ठेवून, मंद तांबड्या उजेडात हाताळून, तयार झालेले फेरस आयन फिनॅन्थ्रोलिनबरोबर ५१० नॅनोमीटरला मोजावे. ३६५ नॅनोमीटरला त्याची क्वांटम कार्यक्षमता सुमारे १.२१ आहे.

कार्बन कुठून आला ?

या पायरीवर संश्लेषणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वेळ द्यावा. वर उल्लेखलेल्या ऱ्हेनियम संकुलात स्वतःचेच तीन कार्बोनिल गट असतात. म्हणजे संकुल पूर्ण मोडून पडले, तरी प्रति रेणू तीन कार्बन मोनॉक्साइड मिळू शकतात. टर्नओव्हर संख्या तीनपेक्षा कमी असेल, तर त्यावरून उत्प्रेरणाविषयी काहीही म्हणता येत नाही.

नियंत्रण प्रयोगांचा संच प्रत्येक नव्या प्रणालीसाठी पूर्ण करावा. एका नळीत सर्व घटक असतात पण ती अंधारात, त्याच तापमानाला ठेवलेली असते. दुसरीत कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन असतो. आणि मग उत्प्रेरक, संवेदक व दाता यांपैकी एकेक वगळून तीन नळ्या. आर्गॉनच्या नळीत कार्बन मोनॉक्साइड दिसला, तर तो द्रावकातून, दात्यातून किंवा कार्बोनिल लिगंडांतून आला असे धरावे. उत्प्रेरकाविना चाललेल्या नळीत फॉर्मेट दिसले, तर गोंधळून जाऊ नये : रुथेनियम ट्रिसबायपिरिडीन प्रकाशात एक बायपिरिडीन गमावते, आणि उरलेले बिसबायपिरिडीन संकुल स्वतःच कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मेट बनवणारा उत्प्रेरक आहे. अशा वेळी आपल्या उत्प्रेरकाच्या नावावर जमा केलेले फॉर्मेट प्रत्यक्षात संवेदकाच्या अवशेषांनी बनवलेले असू शकते.

कोबाल्टवर काम करणाऱ्यांनी आणखी एक नळी लावावी : लिगंड नसलेले साधे कोबाल्ट क्षार. १९८२ साली लेन आणि झीसेल यांनी रुथेनियम संवेदकाबरोबर कोबाल्ट क्लोराइड वापरूनच कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळवले होते. तेव्हा काळजीपूर्वक बांधलेला लिगंड काही काम करतो की तो गळून पडल्यावर मोकळे कोबाल्ट काम करते, याचे उत्तर ही नळीच देते. पाऱ्याचा थेंब टाकून धातूचे सूक्ष्मकण निष्प्रभ करण्याची चाचणीही करावी, परंतु तिच्या एकटीच्या आधारावर निष्कर्ष काढू नये, कारण पारा काही संकुलांशीही अभिक्रिया करतो.

निर्णायक पुरावा समस्थानिकाचा. द्रावण तीन वेळा गोठवून, वायू ओढून, वितळवून मोकळे करावे आणि कार्बन-१३ असलेला कार्बन डायऑक्साइड भरावा. वस्तुमान वर्णपटात कार्बन मोनॉक्साइडचा संकेत २८ वरून २९ वर सरकला पाहिजे. २८ वर हवेतल्या नायट्रोजनचाही संकेत येतो, म्हणून क्रोमॅटोग्राफने दोन्ही वायू आधी वेगळे झाले आहेत याची खात्री करावी. कार्बन चुंबकीय अनुस्पंदनात कार्बन मोनॉक्साइड १८४ पीपीएमजवळ दिसतो. ‘२९ चा संकेत दिसला’ एवढ्यावर समाधान मानू नये. २८ आणि २९ यांचे गुणोत्तर द्यावे, कारण निम्मा कार्बन द्रावकातून आला असला तरीही २९ चा संकेत दिसणारच. ऱ्हेनियमच्या बाबतीत सुरुवातीच्या नमुन्यात थोडा साधा कार्बन मोनॉक्साइड अपेक्षित आहे, कारण लिगंडांतले कार्बोनिल गट नव्याने बनलेल्यांशी अदलाबदल करतात.

आकडे वाचताना आणि देताना

टर्नओव्हर संख्या फुगवणे फार सोपे आहे. उत्प्रेरकाची संहती नॅनोमोलरपर्यंत खाली नेली, की प्रकाश शोषणारा संवेदक तेवढाच राहतो, उत्पादनही फारसे घटत नाही, आणि भागाकार हजारोंत जातो. म्हणून संख्येबरोबर उत्पादनाचे प्रत्यक्ष मायक्रोमोल आणि दोन्ही घटकांची संहती न दिल्यास तो आकडा मी तुलनेसाठी ग्राह्य धरत नाही. मिथेनसारख्या आठ इलेक्ट्रॉनांच्या उत्पादनाविषयी तर आणखी काळजी हवी. २०१७ साली मार्क रोबेर यांच्या गटाने लोह पोर्फिरिनवर धनभारित ट्रायमिथाइल अमोनियो गट बसवून दृश्य प्रकाशात मिथेन मिळवला, आणि क्वांटम कार्यक्षमता एक टक्क्याहूनही बरीच कमी असल्याचे स्पष्ट नोंदवले. निष्कर्ष मोठा असताना छोटा आकडा लपवला नाही, हे अनुकरणीय आहे.

अभिक्रिया थांबल्यावर

बहुतेक प्रणाली काही तासांत मंदावतात. त्यापूर्वी आणि त्यानंतरचा शोषण वर्णपट नोंदवावा. ऱ्हेनियमचे द्रावण प्रकाशात हिरवे होणे हे एक इलेक्ट्रॉन घेतलेले संकुल साचल्याचे लक्षण असते. त्यातून पुढची पायरी मंद असल्याचे कळते, संकुल मेले असा अर्थ लगेच काढू नये. रुथेनियम संवेदकाचा ४५२ नॅनोमीटरचा पट्टा खचला असेल आणि काळसर कण दिसत असतील, तर संवेदक फुटला आहे. हायड्रोजनचे प्रमाण हळूहळू वाढत असेल, तर उत्प्रेरकाचा लिगंड सुटत असल्याचा संशय घ्यावा.

नेमका कोणता घटक संपला हे जाणण्यासाठी तीन सारख्या नळ्या थांबेपर्यंत चालवाव्यात. मग पहिलीत ताजा संवेदक, दुसरीत ताजा उत्प्रेरक आणि तिसरीत ताजा दाता, प्रत्येकी मूळ प्रमाणाइतकाच, वायुरहित द्रावणाच्या रूपात सिरिंजने घालावा, पुन्हा कार्बन डायऑक्साइड बुडबुडवावा आणि दिवा लावावा. ज्या नळीत कार्बन मोनॉक्साइड पुन्हा वाढू लागतो, त्या नळीत घातलेला घटक संपलेला होता. एकाही नळीत वाढला नाही, तर एकाहून अधिक घटक संपले असतील किंवा दात्याच्या ऑक्सिडीकरणातून साचलेली उत्पादने उत्तेजित संवेदकाला शमवत असतील. त्यासाठी वापरलेल्या द्रावणाचा थोडा भाग ताज्या प्रणालीत मिसळून ती मंदावते का हे पाहावे.